मोरवण्याची ओढणी

मुनाफ चौगुल्याला सायकलीचं सगळं ऐकू यायचं आणि माणसाचं काहीच नाही. दोह्याच्या नजमा भागातल्या एका गल्लीत, कॅफेटेरिया आणि मोबाईलच्या दुकानाच्या मधोमध, शटर अर्धं वर करून तो बसलेला असे. कुणी सायकल ढकलत आत आणली की मान वर न करता सांगायचा, "मागची बेअरिंग गेलीय. साखळी पण ताणलीय." तपासून पाहिलं की ते खरंच निघायचं. मग गिऱ्हाईक बोलायला तोंड उघडायचं आणि पहिल्या वाक्यानंतर मुनाफचे कान मिटायचे. पहिलं वाक्य ऐकायचं, पुढचं आपल्याला ठाऊकच असतं, असा त्याचा धंद्यातला नियम होता. दोह्यात चोवीस वर्षं काढून तो नियम एकदाही चुकला नव्हता, असं त्याचं म्हणणं. चुकला होता की नाही हे सांगायला आलेल्यांचंही त्याने पहिलंच वाक्य ऐकलं असणार.

सुरुवातीची बारा-तेरा वर्षं त्याने मजुरांच्या सायकली दुरुस्त केल्या. इंडस्ट्रियल एरियाकडून माणसं यायची, कुणाचं पेडल तुटलेलं, कुणाच्या कॅरियरला वेल्डिंग हवं. त्या सायकलींना तो मान द्यायचा, कारण त्या कामाला जायच्या. पुढे शहरात हौशी लोकांची लाट आली. दोन बोटांनी उचलता येतील अशा सायकली, अंगाला चिकटलेल्या चड्ड्या, छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ, आणि त्या घड्याळात स्वतःच्याच काळजाचे ठोके बघत बसायचं. मुनाफला हसू आवरत नसे. आणि या देशात चढ कुठे होता? चढ बघायचा तर लिफ्टमध्ये बसावं लागायचं.

या सगळ्या मंडळींत त्याचा लाडका नावडता म्हणजे कुणाल जगदाळे. राहायला पर्ल नावाच्या महागड्या वस्तीत, नोकरी बँकेच्या आयटीत, मूळचा साताऱ्याकडचा, म्हणजे कोकणातल्या मुनाफच्या भाषेत अस्सल घाटी. त्याने आणि त्याच्यासारख्या आणखी सात-आठ मराठी पोरांनी मिळून एक ग्रुप काढला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'घाटाचे राजे'. घाट नाही, राज्य नाही, राजे मात्र आठ. सरावाला जागा नाही म्हणून हे राजे शुक्रवारी सकाळी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार वरखाली करायचे. एकदा सायकल पोचवायला गेला असताना मुनाफने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पार्किंगचा पहारेकरी नेपाळच्या डोंगरातला होता. तो खुर्चीवर बसून, एका हाताने तोंड दाबून, त्यांच्या फेऱ्या मोजत होता. मुनाफने त्याला चहा पाजला.

तर हा कुणाल एप्रिलच्या अखेरीस दुकानात आला. एका कानात हेडफोन, त्यात ऑफिसची मीटिंग चालू.

"मुनाफभाई, पुढच्या महिन्यात मोरवानला चाललोय. मी आणि उर्वी. आठ दिवस नुसती सायकल!"

उर्वी म्हणजे त्याची बायको. पण गंमत तिथे नाही, 'मोरवान'मध्ये आहे. हा मोरवान फ्रान्समधला एक डोंगराळ मुलूख. पॅरिसहून ट्रेनने तीनेक तासांवर, जंगलातून जाणारे अरुंद रस्ते, रहदारी नावाला, म्हणून सायकलवाल्यांचा आवडता. कुणाल बोलला तेव्हा मुनाफच्या दुकानात कंप्रेसर धडधडत होता. मुनाफने ऐकलं 'मोरवणं'. मोरवणे हे चिपळूणजवळचं गाव, आणि मुनाफची सख्खी धाकटी बहीण नूरी तिथेच दिलेली. दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे धरण, दोन्हीकडे रस्ते सुनसान. घोटाळा व्हायला एवढं भांडवल पुरे.

मुनाफने हातातला पाना खाली ठेवला. "मोरवण्याला? तिकडं काय ठेवलंय?"

"शांतता! दिवसभरात चार गाड्या दिसल्या तर नशीब. आणि छोटे छोटे घाट. चढलं की उतरायचं, उतरलं की चढायचं."

"यष्टीच दोनदा येते," मुनाफ म्हणाला.

"बघा! तुम्हाला माहितीये की सगळं."

"पण मे महिन्यात?"

"मेमध्येच तर मजा आहे. रात्री स्वेटर लागतं म्हणे."

मुनाफने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मे महिन्यात, चिपळुणात, स्वेटर. एसीत बसून बसून माणसाच्या मेंदूला बुरशी येते ती अशी. पण गिऱ्हाइकाला शहाणं करणं हे आपलं काम नाही, गिअर लावणं आपलं काम, असं मनाशी म्हणून तो गप्प बसला.

"एकच अडचण," कुणाल म्हणाला, "तिथल्या लोकांना इंग्रजी फारसं येत नाही."

"मराठीत बोला की मग."

यावर कुणाल खदखदून हसला. यात हसण्यासारखं काय होतं ते मुनाफला कळलं नाही. "माजी बहीण हाय तिकडं," तो म्हणाला. "नूरी. धरणाच्या अलीकडं घर."

"काय सांगता! ग्रेट," कुणाल म्हणाला. त्याच्या मनात आलं, कोकणातली माणसं केपटाऊनपासून लंडनपर्यंत पसरलीत, एखादी फ्रान्समधल्या धरणापाशी असेलही. आणखी एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथल्या तिथे निस्तरलं असतं. पण सायकलवाल्याच्या बहिणीची चौकशी ती किती करायची! तेवढ्यात कानातल्या मीटिंगमध्ये कुणीतरी त्याचं नाव घेतलं आणि तो बोलत बोलतच बाहेर पडला. एकाने ऐकलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही, आणि दोघांची कारणं ऐटीच्या एकाच दुकानात मिळणारी होती.

आता नूरीची गोष्ट सांगायला हवी.

बावीस वर्षांपूर्वी नूरीचं लग्न ठरलं तेव्हा मुनाफ दोह्याला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, पण ऐट वीस वर्षांची आली होती. बहिणीसाठी त्याने इथला एक मुलगा हेरून ठेवला होता, एअरपोर्टवर नोकरीला असलेला. बाबांनी त्याला न विचारता मोरवण्याचा इनायत पसंत केला. इनायत टेम्पो चालवायचा. लग्नाला मुनाफ नवं घड्याळ घालून आला आणि भर मांडवात, जेवणाच्या पंगतीत, चार पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मोरवणं? हा गाव नकाशात तरी हाय का?"

पाहुणे हसले. इनायतही हसला, कारण नवऱ्या मुलाला हसावंच लागतं. पडद्याआड बसलेली नूरी हसली नाही.

त्यानंतर बावीस वर्षांत मुनाफने तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. सुट्टीवर गेला की खेडला स्वतःच्या घरी, फार तर चिपळूणच्या बाजारापर्यंत. आई वारली तेव्हा दोघं एकाच घरात चार दिवस होती, तो ओटीवर, ती माजघरात. नूरीने एकदाही 'भाई' म्हणून हाक मारली नाही. मुनाफने ठरवलं, नाही तर नाही. टेम्पोवाल्याची बायको, तिचा तो तोरा! लोकांना तुच्छ लेखण्याचा एक फायदा असतो, आपण कधी चुकलो असं वाटत नाही. तोटा इतकाच की संध्याकाळी खोलीत पंख्याकडे बघत पडलं की ते सगळे तुच्छ लोक हळूच आत येतात, आणि त्यांत बहीण सगळ्यांत पुढे असते.

आणि आता, याच एप्रिलमध्ये, नूरीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली. मुलीचा, माहनूरचा निकाह, मेमधल्या शुक्रवारी, मोरवण्यात. चौगुल्यांच्या घरात नवरीच्या डोक्यावर पहिली ओढणी मामाकडची पडते. नूरीने पत्रिकेखाली एवढंच लिहिलं होतं, 'मामाकडची ओढणी आली नाही तरी चालेल.'

मुनाफने ते वाक्य किती वेळा वाचलं याची गणती नाही. चिडला, फोन गादीवर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा वाचलं. घराणंच तसं, टोमणा मारताना सुद्धा आमंत्रण देणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सूकमध्ये, जुन्या बाजारात गेला. पाच दुकानदारांना त्यांच्या मालाबद्दल काय वाटतं ते तोंडावर सांगून सहाव्याकडून लाल ओढणी घेतली, काठाला बारीक सोनेरी जर. खोलीवर येऊन वहीचं पान फाडलं. चिठ्ठी चार ओळींची झाली. तीन ओळींत खुशाली, आणि चौथीत, तीन कागद फुकट गेल्यावर, 'माझी चूक झाली.'

पाठवायची कशी? कुरियरने ऑफिसची कागदपत्रं पाठवतात, ओढणी नाही. ती माणसाच्याच हाताने जायला हवी. माणूसही होता. त्याच्या खोलीतला अश्फाक, चिपळूणचाच, कुणालच्याच आठवड्यात सुट्टीवर निघाला होता. निघणाऱ्याने विचारायचं आणि राहणाऱ्याने पुडकं द्यायचं, हा नजमातला रिवाज. अश्फाकने बॅगेचा वजनकाटा हातात धरून विचारलं, "मुनाफभाई, काय न्यायचा हाय का?" मुनाफ म्हणाला, "नाय." कारण अश्फाकच्या हातून ओढणी गेली असती तर तिच्याआधी बातमी गेली असती. मुनाफ नमला! चिपळूणपासून खेडपर्यंत चहाबरोबर चघळली असती लोकांनी. कुणाल बरा. घाटी माणूस, कुणाला ओळखत नाही, कुणी त्याला ओळखत नाही. ज्याची एवढी खिल्ली उडवली त्याचा एक उपयोग तरी निघाला.

निघायच्या दोन दिवस आधी कुणाल आणि उर्वी सायकली पॅक करायला घेऊन आले. मुनाफने चाकं काढली, हँडल वळवलं, फोमचे तुकडे जागच्या जागी बसवले. कुणालच्या खोक्यात सायकलीच्या फ्रेमच्या त्रिकोणात त्याने ते पुडकं ठेवलं.

"हा नूरीला द्यायचा," तो म्हणाला. "शुक्रवारच्या आत. चुकवू नका, शेठ, लगीन हाय."

"हो हो, डन," कुणाल फोनवर हॉटेलचं काहीतरी बघत होता. "पत्ता?"

"पत्ता कशाला लागतो? बाजारातून बाहेर पडलात की डावी धरा. पूल लागंल. मग चढ. धरण दिसलं की कुणालाबी विचारा, नूरी कुठं राहते. लहान पोर पण सांगंल."

रस्ता त्याने असा सांगितला की जणू रोज तिथून दूध आणतो. उर्वी मधेच म्हणाली, "मुनाफभाई, एक फोन नंबर तरी देऊन ठेवा." मुनाफने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नंबर दिला असता तर हिने नूरीला फोन केला असता, नूरीने चार प्रश्न विचारले असते, आणि ओढणी पोचण्याआधीच भांडण पोचलं असतं. त्याने खोक्यावर टेप मारली. "यल्ला, चला," कुणाल म्हणाला आणि ती दोघं गेली.

पुढचे दिवस मुनाफ चक्क खुशीत होता. शनिवारी कुणाल पोचला असेल. रविवारी धरणापर्यंत धापा टाकत गेला असेल, मेच्या उन्हात, स्वेटर बॅगेत घालून. नूरीने दार उघडलं असेल. हा घट्ट चड्डीतला माणूस बघून इनायतने गल्ली गोळा केली असेल. इथवर आलं की मुनाफ एकटाच हसायचा. मग चिठ्ठीची चौथी ओळ आठवायची आणि हसू थांबायचं. तो सारखा फोन बघायला लागला. नूरीचं काही आलं नाही. सोमवारी रात्री त्याने ठरवलं की तिने ओढणी घेतली आणि चिठ्ठी फाडली. ते त्याला पटण्यासारखं वाटलं, कारण तिच्या जागी त्यानेही तेच केलं असतं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. उर्वीचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर हिरवागार डोंगर, वळत जाणारा एक अरुंद रस्ता, मागे पाण्याचा मोठा साठा, आणि कुरणात पांढऱ्या गाई. मुनाफचा चेहरा उजळला. "पोचलात धरणावर? नूरी भेटली?" तो विचारत होता आणि विचारता विचारता त्याची नजर गाईंवर गेली. गुबगुबीत, धुतल्यासारख्या पांढऱ्या. एकीलाही वशिंड नव्हतं.

"या गाई कुठल्या?" मुनाफ म्हणाला.

"इथल्याच," उर्वी म्हणाली. "मुनाफभाई, ऐका. तुमच्या बहिणीचं आडनाव काय? आम्ही दोन दिवस शोधतोय. फ्रान्समध्ये नक्की कुठे राहतात त्या?"

कॅफेटेरियातला पोरगा चहाचा कप ठेवून गेला, ते मुनाफला दिसलं नाही.

मागून कुणालचा आवाज आला, धापा टाकत. "भाई, धरणाला तीन चकरा मारल्या. शेवटचा चढ असला खतरनाक आहे! तीन गावांत विचारलं. बेकरीतल्या बाईला विचारलं. एक नोरा नावाची आजी सापडली, तिने ओढणी डोक्यावर घेऊन पण बघितली, मग म्हणाली, सुंदर आहे, पण माझी नाही."

आयुष्यभर मुनाफने ज्यांना माणसात धरलं नाही, त्यांतला हा सगळ्यांत फालतू. तो नूरीसाठी दोन दिवस परक्या डोंगरात घाम गाळत, दारोदार विचारत हिंडला होता. शिवी द्यायला मुनाफने तोंड उघडलं होतं. ती शिवी कुणाला द्यायची हे काही ठरेना.

"मोरवणं," तो शेवटी म्हणाला. "चिपळूणचं मोरवणं, शेठ. मला वाटलं..."

मग कुणाल हसायला लागला आणि उर्वीने त्याला कोपर मारल्याचं दिसलं. ती फोन घेऊन बाजूला गेली. "सॉरी, पत्ता मिळेल म्हणून मी चिठ्ठी उघडली," ती म्हणाली. "चारच ओळी होत्या, वाचल्या गेल्या. मुनाफभाई, शुक्रवारच्या आत इथून काही पोचत नाही. पण शेवटची ओळ फोनवर सांगता येते. आजच सांगा."

एरवी गिऱ्हाइकाच्या बायकोने शिकवलेलं मुनाफने खपवून घेतलं नसतं. आज त्याने "हो ताई" म्हटलं आणि फोन ठेवला. अश्फाक रविवारीच चिपळूणला उतरला होता. त्याच्या बॅगेत चार किलोची जागा रिकामी गेली होती, जाताना त्यानेच सांगितलं होतं.

नूरीचा नंबर त्याच्याकडे सहा वर्षांपासून होता. कधी लावला नव्हता. आज लावला.

"कोण?" मागे भांड्यांचा, बायकांचा आवाज.

"मी. मुनाफ."

भांड्यांचा आवाज लांब गेला. ती बाहेर आली असावी. "बोल."

"ओढणी पाठवली व्हती."

"नाय पोचली."

"ठावूक हाय. ती... फ्रान्सला गेली."

"कुठं?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. कुणाल, कंप्रेसर, मोरवान, स्वेटर, ओढणी डोक्यावर घेऊन बघणारी आजी. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर ही गोष्ट त्याने वर्षभर मीठमसाला लावून सांगितली असती. स्वतःची सांगताना त्याने मीठसुद्धा घातलं नाही.

"नूरी?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "बरोबर हाय. तुज्या माणसाला गावंल कसा? आमचा गाव नकाशात हाय कुठं?"

बावीस वर्षं तिने ते वाक्य जपलं होतं आणि आज जसंच्या तसं परत केलं, ओरखडाही न पाडता. चिठ्ठीतली चौथी ओळ मुनाफने तोंडाने म्हटली. "माजी चूक झाली, नूरी." त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही, एवढा तो लहान निघाला.

पलीकडे ती नाक ओढत होती. "जुम्याला असरच्या नमाजनंतर निकाह हाय," ती म्हणाली. "ओढणी नसली तरी चालंल." आणि थोडं थांबून, "मामा नसला तर नाय चालायचा. मी नाय म्हणत. माहनूर म्हणते."

"येतो," मुनाफ म्हणाला. "आज मालकाला, अरबाबला, सुट्टी मागतो. नाय म्हणाला तरी येतो."

"ये, इन्शाल्ला. चिपळूणवरनं रस्ता म्हायती हाय ना?"

डावी धरा, पूल लागंल, मग चढ. त्याच्या ओठांवर आलं होतं. "नाय," तो म्हणाला. "नाय म्हायती मला. सांग."

"स्टँडवर उतरलास की..." नूरीने सुरुवात केली आणि तेवढ्यात मागे कंप्रेसर आपोआप धडधडायला लागला. मुनाफ उठला, भिंतीतला प्लग उपसून काढला, आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"आता सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."